भात, बटाटा आणि रक्तशर्करा

प्रश्न : रक्तातील साखर वाढल्याने भात आणि बटाटा कायमचे सोडावेत का?

उत्तर : सहसा तशी गरज नसते. भात-बटाट्यातील पिष्टाचे (स्टार्चचे) पचनानंतर ग्लुकोज, म्हणजे रक्तातील साखर होते, म्हणून किती आणि कशासोबत खातो याला फार महत्त्व आहे. अर्धे ताट भाज्यांचे, पाव प्रथिनांचे आणि उरलेल्या पावात भात किंवा बटाटा असावा. भाज्या व प्रथिने आधी खाऊन भात शेवटी घेतल्यास साखर बहुधा सावकाश चढते. जेवणानंतर २ तासांनी ग्लुकोमीटरवर (रक्तातील साखर मोजायच्या यंत्रावर) तपासून आकडा वहीत लिहून ठेवा, कारण तोच घास सर्वांना सारखा मानवत नाही. इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिष्ट एकदम कमी करू नका. साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमखाली उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते.