शक्तिपात: शक्ती जाणं की येणं?

प्रश्न असा आलाय: विज्ञानकथा लिहितेय, परग्रहावरची बाई पृथ्वीवरच्या माणसाच्या प्रेमात पडते आणि तिची शक्ती जाते, ह्याला 'शक्तिपात' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण वाचक उलटं समजायची भीती आहे. 'पात' म्हणजे पडणं, बस्स. कुणाचं पडलं नि कुणावर, ते शब्द सांगत नाही. रक्तपातात, अश्रुपातात आपलं जातं, हिमपात-उल्कापात वरून आपल्याकडे येतात, आणि दृष्टिपातात तर कुणाचंच काही जात नाही (पहिल्या दृष्टिपातातच गार झालेले सोडून द्या). शक्तिपाताचं तसंच, शक्ती गळून जाणं हा अर्थ संस्कृत कोशात आहेच, पण काश्मीर शैव मतात तो कृपा उतरणं, आणि आपल्याकडे गुळवणी महाराजांची शक्तिपात दीक्षा माहीत असलेला माणूस गुरूने शिष्याची शक्ती जागी केली असंच वाचणार.

'तिची पॉवर गेली' तर लिहूच नका, लाईट गेल्यासारखं वाटतं.

मला विचाराल तर 'फळणे' हे क्रियापद घ्या. नवस फळतो, विद्या फळते. महाभारतातल्या आदिपर्वात कच शुक्राचार्यांकडून संजीवनी शिकतो, तीही कशी, तर असुरांनी त्याला जाळून राख मद्यात घालून गुरूलाच पाजलेली, त्यामुळे पोटात बसून. निघताना देवयानी लग्नाचं विचारते, तो म्हणतो तुझ्या बापाच्या पोटात राहिलोय, बहीण लागतेस तू. ती चिडून शाप देते की तुझी विद्या सिद्धीला जाणार नाही. त्यावर कच म्हणतो, नाही फळली मला तर नाही, मी शिकवीन त्याला फळेल. म्हणजे मंत्र सगळा पाठ, पण लागू पडत नाही! 'शक्ती नाहीशी झाली' मध्ये ही तडफड येत नाही.

गंमत म्हणजे कचाची शक्ती प्रेम नाकारून गेली आणि १९८० च्या 'सुपरमॅन २' सिनेमात सुपरमॅनची प्रेम स्वीकारून जाते. प्रेयसी लोईससाठी तो स्फटिकाच्या खोलीत उभा राहून लाल सूर्याचे किरण अंगावर घेतो आणि मग एका साध्या खाणावळीत ट्रकवाल्याचा मार खातो, स्वतःचं रक्त बघून चकित होतो. तिथे 'फळली नाही' बसत नाही, त्याने आपणहून सोडलीय, तिथे सरळ 'शक्ती टाकली' म्हणा, कात टाकतात तशी.

अजून एक गावाकडचा शब्द आहे, गुण. हाडवैद्याच्या 'हाताला गुण' असतो, आणि पैसे घेतले की तो जातो अशी समजूत. तुमची नायिका बरं करणारी वगैरे असेल तर 'हाताचा गुण गेला' एवढ्या तीन शब्दांत काम होईल.

आता एक सांगा, तिची गेलेली शक्ती त्या माणसात उतरते का? उतरत असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि कथेचं नावच 'शक्तिपात' ठेवा.