आधी रेरा नंबर, मग रील

बांधकामाचा धंदा आणि सोशल मीडिया या विषयावर येणारे प्रश्न वाचले की वाटतं, सगळ्यांना एकाच माणसाने चुकीचं सांगून ठेवलंय. तेच ते प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येताहेत, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्र. मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, नक्की कुठे पैसे घालू? (सोलापूर)

सध्या कुठेच नको. गूगल मॅप्सवर धंद्याची नोंद करा, ती फुकट होते. मग एखादी गळकी गच्ची निवडा आणि एकाच कोपऱ्यातून तिचं तीनदा शूटिंग करा: कामाआधी, काम चालू असताना आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर. हा तिसरा व्हिडिओ कोणी टाकत नाही, आणि गिऱ्हाइकाला तोच बघायचा असतो.

प्र. फॉलोअर्स विकत मिळतात म्हणे. घ्यावेत का? (पनवेल)

नाही.

प्र. इंटिरिअर केलेल्या बंगल्याचे फोटो टाकले तर मालक चिडले. काम माझं, मग फोटोही माझेच ना? (कोल्हापूर)

काम तुमचं, घर त्यांचं. फोटो आज काढून टाका. पुढच्या वेळी कोटेशनमध्येच परवानगीची एक ओळ घालून सही घ्या. नेमप्लेट, घरातली मुलं, तिजोरी आणि कॅमेऱ्यांच्या जागा फोटोत दिसता कामा नयेत. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर वकील गाठा. कमेंटमध्ये खुलासे करत बसू नका.

प्र. आमचा 24 फ्लॅटचा प्रकल्प आहे. रेरा (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीला अजून दोनेक महिने लागतील. मार्केटिंगवाला म्हणतो, व्हॉट्सॲप स्टेटस आणि रील म्हणजे काही जाहिरात नव्हे. ‘लवकरच येत आहे’ एवढंच टाकून इच्छुकांची नावं गोळा करू. चालेल ना? (नाशिक)

चालणार नाही. हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि बहुतेक वेळा पोस्ट टाकून झाल्यावर येतो.

‘रील म्हणजे जाहिरात नव्हे’ हे कोणत्या कायद्यात लिहिलंय, ते त्या मार्केटिंगवाल्याला दाखवायला सांगा. 2016च्या रेरा कायद्यातली जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातल्या, कोणत्याही स्वरूपातल्या प्रसिद्धीला लागू होते. कलम 3 तर त्याहून पुढे जातं. नोंदणीआधी जाहिरात, मार्केटिंग, बुकिंग, विक्री यांना मनाई आहेच, शिवाय खरेदीसाठी लोकांना आमंत्रण द्यायलाही मनाई आहे. ‘आवडल्यास मेसेज करा’ हे आमंत्रण नाही तर काय आहे? ‘पहिल्या दहा जणांना खास दर’ याबद्दल तर बोलायलाच नको.

दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. खर्च 20 कोटी धरलात तर वरची मर्यादा 2 कोटींची झाली. दोन महिने थांबायला याहून कमी पैसे लागतात.

लहान प्रकल्पांना सूट आहे: जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर. तुमचे 24 आहेत. ‘आठ-आठचे तीन टप्पे दाखवू’ ही युक्तीही ऐकून झाली आहे. मोजताना सगळे टप्पे एकत्र धरतात.

नोंदणी झाल्यावरही हात मोकळे होत नाहीत. नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत ठळक हवा. 1 ऑगस्ट 2023पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. आणि मग येतं कलम 12. रीलमध्ये तरणतलाव दाखवलात, त्यावर विसंबून कोणी पैसे भरले आणि मंजूर नकाशात तलावच नसेल, तर ग्राहक भरपाई मागू शकतो, व्याजासह पैसे परत घेऊन बाहेरही पडू शकतो. खाली मुंगीच्या अक्षरात ‘चित्र काल्पनिक’ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. पोस्ट तुम्ही पुसाल. ग्राहकाच्या फोनमधला स्क्रीनशॉट कसा पुसणार?

तेव्हा आधीच टाकलेलं सगळं आजच उतरवा. एजंटांच्या ग्रुपमध्ये काय फिरतंय तेही बघा. मग रेराचं काम करणाऱ्या सीए किंवा वकिलाकडे जा, नोटीस यायची वाट बघू नका.

प्र. मी घरांचे व्हिडिओ करतो. एक बिल्डर व्हिडिओचे पैसे अधिक प्रत्येक बुकिंगमागे कमिशन द्यायला तयार आहे. घ्यावं का? (पुणे)

व्हिडिओचे पैसे घ्या, पण तो पैसे घेऊन केलाय हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात लपवू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्या चेहऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.

कमिशनचं मात्र वेगळं आहे. मोबदला घेऊन घर घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा कायद्याच्या नजरेत एजंट ठरतो, हातात कॅमेरा असला तरी. महाराष्ट्रात एजंटाला नोंदणी लागते, सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. ही तयारी नसेल तर कमिशनला हात लावू नका. करारावर सही करण्यापूर्वी तो जाणकाराला दाखवा.

प्र. इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून फ्लॅट पसंत केला. ‘आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल’ म्हणतात. देऊ का? (ठाणे)

आज नको. उद्या भाव वाढणारी ही जाहिरात सहा महिने तशीच चालू असते. क्यूआर स्कॅन करा, उघडलेल्या पानावरचं प्रकल्पाचं आणि बिल्डरचं नाव जुळतंय का पाहा, चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) तिथलंच धरा. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम ते घेऊ शकत नाहीत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, आणि कागद वकिलाला दाखवा. तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.

प्र. साईटवरचे व्हिडिओ चांगले चालतात. गवंड्यांना घेऊन रोज एक टाकू का? (सातारा)

त्यांना विचारून टाका. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात परांचीवरचे दोघे हेल्मेट आणि पट्ट्याशिवाय उभे आहेत. तो व्हिडिओ टाकू नका, आणि त्या दोघांना खाली उतरवा.