एकाच रस्त्यावर चार-चार कॉफी शॉप का उघडतात, आणि तीनशेची कॉफी विकूनही तोट्यात कसे जातात?

तुम्ही विचारलंय की तुमच्या घराजवळच्या रस्त्यावर शंभर पावलांत चार कॉफी शॉप झाली, संध्याकाळी चारही भरलेली दिसतात, कॉफी तीनशेला, आणि तरी पेपरात मात्र "तोटा वाढला" अशाच बातम्या. हे गणित बसतं कसं, आणि यातलं टिकणार कोण?

मी सहा वर्षं एका कॉफी चेनसाठी पुण्या-मुंबईत जागा शोधायचं काम केलं. नाव सांगत नाही, कारण पुढे जी फजिती सांगणार आहे ती त्यांच्याकडचीच आहे. कॉफीतलं मला तेव्हाही फार कळत नव्हतं. माझं काम रस्त्याच्या कडेला उभं राहून हातातल्या काउंटरवर माणसं मोजायचं. सकाळी आठ ते दहा, दुपारी एक ते तीन, संध्याकाळी पाच ते नऊ. बायका किती, कॉलेजची पोरं किती, हातात पिशव्या असलेले किती. पोलिसांनी दोनदा हटकलं.

आधी कपाचा हिशेब करू. दोन शॉटच्या कॅपुचिनोला साधारण १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. बिया हजार रुपये किलो धरल्या तर झाले १८ रुपये. दूध बाराएक रुपयांचं. कप, झाकण, साखर, टिश्यू धरून चाळीसच्या आत सगळं आटपतं. म्हणजे कप तीनशेचा सोडा, अडीचशेचा धरला तरी दोनशे दहा रुपये सुटले. इथपर्यंत येऊन पुष्कळ लोक फ्रँचायझी घ्यायला धावतात.

आता जागेचा हिशेब. समजा, चांगल्या रस्त्यावर हजार स्क्वेअर फूट, भाडं अडीचशे रुपये फूट. महिन्याचे अडीच लाख, दिवसाचे सव्वाआठ हजारांवर. आमच्यात ढोबळ नियम असा होता की भाडं विक्रीच्या पंधरा ते अठरा टक्क्यांवर गेलं की जागा सोडून द्यायची. अठरा टक्के धरले तरी रोज सेहेचाळीस हजारांची विक्री हवी. माणशी बिल अडीचशे, म्हणजे रोज १८५ माणसं. अशा जागेत खुर्च्या बसतात चाळीसेक. म्हणजे प्रत्येक खुर्चीवर दिवसातून साडेचार-पाच वेळा नवं माणूस बसायला हवं, आणि तेही सोमवारी, पावसात, परीक्षांच्या दिवसांतसुद्धा.

आणि आपल्याकडचा माणूस उठत नाही! अमेरिकेत गिऱ्हाईक सकाळी ऑफिसला जाता जाता कप उचलतं आणि चालू पडतं, पुष्कळदा गाडीतूनसुद्धा उतरत नाही. आपल्याकडे सकाळचा चहा घरी होतो, दुसरा ऑफिसच्या टपरीवर. कॉफी शॉपमध्ये आपण जातो ते संध्याकाळी, बसायला. दोघांत एक कॅपुचिनो, वर दोन ग्लास पाणी, आणि पावणेदोन तास. चार ते नऊ या पाच तासांत एक खुर्ची जेमतेम तीनदा फिरते. तुम्हाला दिसते ती गर्दी या पाच तासांची. सकाळी अकराला तिथे दोन लॅपटॉपवाले आणि एसी एवढेच असतात.

माझी फजिती इथलीच. एका कॉलेजसमोरची जागा मी अडून बसून मंजूर करून घेतली. माझे आकडे सोन्यासारखे होते, दर तासाला शेकडो पोरं. दुकान पहिल्या दिवसापासून भरलेलं. चौदा महिन्यांत बंद. पोरं ग्रुपने यायची, सहा जणांत दोन फ्रापे मागवायची, आणि तीन तास असाइनमेंट लिहायची. ज्यांना बिल करायचं होतं ती माणसं दारातून आत डोकावून परत जायची. त्यानंतर मी माणसं मोजण्याबरोबर समोरच्या हॉटेलात बसून लोक किती वेळ बसतात तेही मोजायला लागलो. वहीत दोन रकाने वाढले, बाकी शहाणपण म्हणाल तर तेवढंच.

हे सगळं सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडलं ते सीसीडीच्या, म्हणजे कॅफे कॉफी डेच्या बाबतीत. व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं दुकान काढलं ते इंटरनेट कॅफे म्हणून. म्हणजे पहिल्या दिवसापासून माल होता तो बसण्याचा वेळच. त्या काळात तरुण मुलामुलीला शांतपणे बसायला जागा कुठे होती? उडपी हॉटेलात वेटर डोक्यावर उभा राहायचा, इराण्याकडे "जास्त वेळ बसू नये"च्या पाट्या. सीसीडीत कोणी उठवायचं नाही. आपल्या लग्नाच्या बाजारात तर सीसीडीने क्रांती केली. कांदेपोह्यांच्या आधी "तुम्ही दोघं एकदा बाहेर भेटून घ्या" असं घरचे म्हणाले की ते बाहेर म्हणजे सीसीडी. माझ्या ओळखीतली निदान चार लग्नं तिथे ठरली आणि दोन मोडली. टीव्हीवर जाहिरातीची त्यांना फारशी गरजच पडली नाही, चौकातली लाल पाटी हीच जाहिरात. उलट दुकानाच्या आतली जागा ते दुसऱ्या ब्रँडना जाहिरातीसाठी विकायचे. हे डोकं मला आजही आवडतं.

दुसरी हुशारी अशी की त्यांनी सगळं घरचं केलं. चिकमगळूरचे मळे घरचे, भाजणं घरचं, फर्निचर बनवणारी कंपनीसुद्धा घरची. बाहेरून घ्यावी लागत होती ती एकच गोष्ट, चौकातला गाळा. आणि भाव नेमका त्याचाच वाढत गेला. गाळेमालकाला कॉफीशी देणंघेणं नसतं, त्याला मोबाइलवाला आणि बँक जास्त देते. २०१९ च्या सुमाराला सीसीडीची दुकानं सतराशेच्या वर गेली होती. इतकी दुकानं का, तर एखादा कोपरा आपण घेतला नाही तर दुसरा घेईल ही भीती. या धंद्यात कितीतरी जागा विक्रीसाठी नाही, अडवण्यासाठी घेतल्या जातात. मी स्वतः अशा दोन घेतल्यात.

सीसीडी कॉफीमुळे बुडालं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. समूहाचं कर्ज सात हजार कोटींच्या घरात गेलं होतं, आणि ते निव्वळ कॅफेंचं नव्हतं, बाकीचे उद्योगही होते. जुलै २०१९ मध्ये सिद्धार्थ यांचा दुर्दैवी मृत्यू झाला, मग कोविड आला. त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी सूत्रं घेतली, मालमत्ता विकून कर्ज बरंच खाली आणलं, आणि दुकानं साडेचारशेच्या आसपास उरली. पण ऑफिसांमधली त्यांची कॉफीची मशिनं मात्र आजही हजारोंनी आहेत. मशिनला भाडं नाही आणि खुर्चीही नाही, यातच काय ते आलं.

बरिस्ता या दुसऱ्या कॉफी चेनची गोष्ट थोडक्यात. २००० मध्ये सुरू झालं, टाटांनी हिस्सा घेतला, मग उद्योजक शिवशंकरन, २००७ मध्ये इटलीची कॉफी कंपनी लावाझ्झा, २०१४ मध्ये आणखी तिसरेच. मालक बदलला की भाव बदलायचा, सजावट बदलायची, गिऱ्हाईक गोंधळायचं.

स्टारबक्स आलं १९ ऑक्टोबर २०१२ ला, मुंबईत हॉर्निमन सर्कलला, एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये. टाटांशी निम्मी-निम्मी भागीदारी. ही जागा बघायला मी मुद्दाम गेलो होतो. दगडी कमानी, जुनी इमारत, समोर बाग, आणि बाहेर रांग. त्या जागेतून किती कप विकले गेले याला अर्थ नाही, देशभरच्या पेपरांत त्या दाराचा फोटो छापून आला. भाडं जाहिरात खात्यावर टाकायचं असतं ते असं. भागीदारीचा दुसरा फायदा, कॉफी पहिल्यापासून इथलीच, कुर्गची, टाटांनी भाजलेली. त्यांची खरी कमाल मला वाटते ती कार्डात. तुम्ही हजार रुपये आगाऊ भरता, स्टार जमा होतात म्हणून खूश असता. ते हजार तुम्ही कंपनीला बिनव्याजी दिलेले असतात. आणि पैसे अडकले की माणूस शेजारच्या दुकानात जात नाही.

तरी खुर्ची कोणाला चुकली नाही. टाटा स्टारबक्सची विक्री २०२२-२३ मध्ये १,०८७ कोटी, पुढच्या वर्षी १,२१८ कोटी, आणि तोटा उलट वाढला, कारण नवी दुकानं धडाधड उघडली जात होती आणि नवं दुकान पैसे मिळवायला वेळ घेतं. मध्येच त्यांनी 'पिको' नावाचा छोटा कप काढला, १८५ रुपयांपासून. मेन्यूत मसाला चहा आणि फिल्टर कॉफी आली. जगभर एकच मेन्यू चालतो असं मानणाऱ्यांना भोपाळ-इंदूरसारख्या शहरांतल्या गिऱ्हाईकाने नमवलं, याचा मला थोडा आनंदच झाला.

आता चार दुकानं खेटून का, ते. पुस्तकं घ्यायची तर आपण अप्पा बळवंत चौकात जातो, साड्यांना लक्ष्मी रोडला. एकदा "तिकडे कॉफी शॉप आहेत" असं डोक्यात बसलं की माणूस आधी रस्ता ठरवतो, दुकान तिथे पोचल्यावर. शिवाय एक कबुली देतो: मोठ्या ब्रँडने जागा घेतली की आम्ही आमची मोजणी निम्मी करायचो. त्यांनी लाखो रुपये घालून केलेला सर्व्हे आम्हाला फुकट मिळाला. ब्रोकरसुद्धा तेच करतो. पहिल्याचा करार झाला की संध्याकाळपर्यंत शेजारच्या गाळ्याचे फोटो बाकीच्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर.

नवे लोक याच दुखण्यावर वेगवेगळी औषधं घेऊन आलेत. मॅक्डोनल्ड्सने २०१३ मध्ये मुंबईपासून सुरुवात करून आपल्याच दुकानात मॅककॅफेचा कोपरा टाकला. भाडं बर्गर भरतो, कॉफी वरकमाई. ब्लू टोकाई २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालं ते घरपोच बियांवर. पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख, म्हणजे ही विक्री खुर्चीशिवाय. थर्ड वेव्हने, २०१६ पासून, बेंगळुरूच्या लॅपटॉपवाल्यांना प्लग पॉइंट दिले आणि दिवसभराचं बिल त्यांच्याकडून खाण्यात काढलं. एबीकॉफीने खुर्च्याच काढून टाकल्या, नुसती खिडकी. झेप्टो कॅफेने तर दुकानच काढून टाकलं, ऑर्डर अॅपवर आणि कॉफी थेट घरपोच.

आणि हे सगळं आपल्या अमृततुल्यवाल्याला आधीपासून येत होतं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. दीडशे फुटांचा गाळा, बसायला बाक नाही, चहा दहा-पंधरा रुपये, माणूस चार मिनिटांत मोकळा. येवल्यांपासून पुढे या चहाच्या साखळ्या एवढ्या झपाट्याने पसरल्या त्याचं कारण चवीइतकंच त्या चार मिनिटांत आहे. तासाला एका फुटामागे किती धंदा, हे गणित मांडलं तर भल्या भल्या कॉफीवाल्यांना तोंड लपवावं लागेल.

अजून एक कळीची भानगड जीएसटीची. २०१७ च्या नोव्हेंबरपासून रेस्टॉरंटचा कर पाच टक्के झाला, गिऱ्हाईक खूश. पण त्या बदल्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आणि भाड्यावर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, गेलं. भाड्यावर अठरा टक्के जीएसटी भरायचा आणि तो परत मिळत नाही. वरच्या हिशेबातले अडीच लाख म्हणजे खरे दोन लाख पंच्याण्णव हजार. तुमच्या पाच टक्क्यांमागचा उरलेला कर तुमच्या कपाच्या किमतीत आहे.

तुमच्या रस्त्यावर कोण टिकेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगू शकाल. शनिवारची संध्याकाळ सोडून द्या. मंगळवारी सकाळी अकराला चारही दुकानांत एक चक्कर मारा. किती खुर्च्यांवर माणसं आहेत, टेबलावर खायचं काही आहे का, आणि काउंटरवर डिलिव्हरीवाल्यांच्या किती पिशव्या बांधून ठेवल्यात, एवढं बघा. शक्य झालं तर शेजारच्या पानवाल्याला विचारा की त्यांचा करार कधी संपतोय. त्याला बरोबर माहीत असतं, माझी निम्मी माहिती त्याच्याकडूनच यायची.