पहिला ठसा काढण्याआधी

लाकडी ठोकळ्यांवरून जपानी पद्धतीने चित्रं छापायला शिकतोयस, तर आल्या आल्या होकुसाई या जपानी चित्रकाराची ‘लाट’ कोरायला घेऊ नकोस. १८३१च्या सुमाराचं ते चित्र एकट्याचं काम नव्हेच. चित्र त्याचं, पण कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसा घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. तू सगळंच एकहाती करणार, म्हणून दोन रंगांवर भागव.

घोडं अडतं ते रंग जुळवताना. त्यासाठी ‘केंतो’, म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसवणाऱ्या खाचा, नीट समजून घे. ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच, त्याच कडेला थोडी पुढे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिलीत बसवायचा, कड दुसरीला टेकवायची. आधी रेषांचा ठोकळा कोर, त्याचे ठसे खाचांच्या खुणांसकट काढ आणि तेच रंगांच्या ठोकळ्यांवर चिकटवून कोर. वेगळं मोजमाप करत बसायचं नाही. १७६५मधली हारुनोबू या जपानी चित्रकाराची बहुरंगी चित्रं याच खाचांच्या भरवशावर छापली गेली.

तरीही रंग सरकला, तर बहुधा कागदच दोषी. ओला कागद फुगतो, वाळला की आकसतो. सगळे कागद आदल्या रात्री ओलसर करून थप्पी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेव. छपाई संपेपर्यंत वाळू देऊ नकोस. कागद कोझोचाच, म्हणजे त्या नावाच्या झुडपाच्या सालीपासून केलेलाच घे, तिथे काटकसर नको.

रंगात तांदळाची खळ जराशीच. कागदाची पाठ घासायला स्वस्तातला बारेन, म्हणजे हातात धरायची चपटी गोल चकती, चालेल, हत्याराची धार मात्र बोथट नको.

चित्रकार हिरोशिगेच्या आकाशासारखी विरत जाणारी छटा, म्हणजे बोकाशी, इतक्यात नको. आधी सपाट रंग एकसारखा उठू दे.