तोंडी सगळं येतं, पेपर कोरा: आधी तुमची नोंदवही उघडा

सर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. आठवीतला मुलगा, इतिहासाचा धडा तोंडी विचारला तर घडाघडा सांगतो, पेपरात मात्र चार ओळी आणि त्याही एकमेकींवर चढलेल्या. स्टाफरूममध्ये 'आळशी आहे, घरी कुणाचं लक्ष नाही' हा निकाल लागलेला. आणि तुमचे दोन प्रश्न: त्याच्यासाठी वेगळा सोपा पेपर काढू का, आणि अध्ययन अक्षमतेच्या (हुशारी असूनही वाचणं-लिहिणं अडतं, त्या अडचणीच्या) प्रमाणपत्राचं दहावीला बघितलं तर चालेल का? असाच मुलगा माझ्या वर्गात चार वर्षं होता.

आधीच सांगते, मी विशेष शिक्षिका नाही. मानसशास्त्राशी माझा संबंध बी.एड.च्या पेपरापुरता. अनुदानित शाळेत २७ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. परीक्षेतल्या सवलतींचे (जादा वेळ, लेखनिक) नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा दहावीच्या मंडळाचं चालू वर्षाचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्या, माझ्या शब्दावर विसंबू नका. डोळे-कान तपासून झाले असतील असं धरून चालते.

दुसरा प्रश्न आधी घेते. दहावीला बघून अजिबात चालणार नाही. का, ते सांगायचं तर मला माझीच लांडीलबाडी सांगावी लागेल.

तो पाचवीत आमच्याकडे आला. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की याला वाचता येत नाही. 'येत नाही' म्हणजे एकेक अक्षर चाचपडत वाचायचा, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायचा. पण धडा ऐकला की पक्का. मग मी काय केलं, मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात बोलवायचे, प्रश्न वाचून दाखवायचे, तो उत्तरं सांगायचा, मी गुण द्यायचे. आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गात होणाऱ्या मूल्यमापनाचे, तेव्हा पाचवी-सहावीला ५० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के असायचे, त्यात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प सगळं बसायचं. संकलितलाही, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेलाही, थोडा हात सैल सोडला. पोरगा दरवर्षी ब-२ घेऊन वर. सगळ्या शाळेत त्याला ओळखणारी मी एकटीच, असा माझा एक गोड समज होता.

आणि नोंदवही? वर्षाच्या शेवटी ५८ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी, प्रत्येक विषयाच्या. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला काय सांगायचं. तयार नोंदींची पुस्तिका टेबलावर, हजेरी क्रमांक १ पासून उतरवत जायचं. त्याच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'मजकुराचे स्पष्ट व शुद्ध वाचन करतो.' पुढच्या वर्षी: 'स्वतःच्या शब्दांत लेखन करतो.' अडचणीच्या नोंदीचा रकाना चारही वर्षं रिकामा. रिकामा ठेवला की वर कुणी विचारत नाही, ही आमच्या शाळेतली रीतच होती.

नववीत शिक्षक बदलले, व्हरांड्यातली परीक्षा बंद झाली आणि पहिल्या घटक चाचणीत तो सगळ्या विषयांत आपटला. तेव्हा कुठे आम्ही धावपळ सुरू केली. वडील दूध संकलनाच्या गाडीवर. प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक खेप म्हणजे एक दिवसाचा खाडा. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे काम फक्त बुधवारी. पहिल्या बुधवारी तपासणारे रजेवर. दुसऱ्या बुधवारी शाळेच्या पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. तिसऱ्या बुधवारी मी स्वतः सोबत गेले. खिडकीतल्या माणसानं चार वर्षांची प्रगतिपत्रकं उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "शाळाच लिहितीय शुद्ध वाचन करतो म्हणून. मग नववीत आल्यावर अडचण कुठनं उगवली?"

त्या माणसावर मी पुढे बराच काळ चिडून होते. त्यानं खुलासा मागितला, आम्ही दिला, त्यांनी तो हरवला, पुन्हा दिला, मग 'फाइल टेबलावर आहे' हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. उन्हाळ्याची सुट्टी मध्ये गेली. पण त्या एका प्रश्नापुरता तो बरोबर होता. अध्ययन अक्षमता नववीत अचानक होत नाही, ती लहानपणापासून असते. तिचा चार वर्षांचा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याच्या उलट लिहून सही केली होती.

प्रमाणपत्र हातात आलं दहावीच्या जानेवारीत. बाकीच्या मुलांचे सवलतींचे प्रस्ताव विभागीय मंडळाकडे केव्हाच गेले होते. आम्ही उशिरा पाठवलेल्यावर परीक्षेपर्यंत उत्तर नाही. मार्चला तो बाकीच्यांसारखाच बसला, ना जादा वेळ, ना लेखनिक. इंग्रजी आणि गणित राहिले. जुलैच्या पुरवणीला दोन्ही सवलती मिळाल्या आणि त्याच पोरानं इंग्रजीत ५२ काढले. पण तोवर आयटीआयला त्याला हवी ती जागा भरलेली. एक वर्ष टायरच्या दुकानात पंक्चर काढली त्यानं. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिशियनला लागला, आता बरा आहे. ते वर्ष मात्र माझ्या नावावर आहे.

म्हणून सर, पेपर काढायच्या आधी तुमच्या शाळेतली त्याची पाचवीपासूनची नोंदवही उघडून बघा. तिथे पुस्तिकेतली वाक्यं असतील तर आजपासून खरं लिहा, आणि मोजून लिहा. 'वाचनात मागे आहे' हे कुणाच्याच उपयोगाचं नाही. असं लिहा: '१२ ओळींचा उतारा वाचायला ९ मिनिटे, तोच उतारा वाचून दाखवल्यावर ५ पैकी ५ प्रश्नांची तोंडी उत्तरे बरोबर.' 'फळ्यावरील ६ ओळी उतरवताना २ ओळी गाळल्या.' तारीख घाला. वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवा, वर्षाच्या शेवटी वह्या रद्दीत जातात. यूडायसमध्ये, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, त्याची नोंद विशेष गरजा असणारा म्हणून आहे का तेही बघा. जुन्या नोंदी मात्र खोडू नका, एका सहकाऱ्यानं मला तो सल्ला दिला होता. जे लिहिलं ते लिहिलं, खाली नव्यानं लिहा.

एक बारीक गोष्ट. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापुढे मिळायचं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची; त्या सूचना २०२४ मध्ये बदलल्या. तुमचा मुलगा चौदाच्या आसपास असणार. आत्ता काढलेलं दहावीला चालेल ना, हे तिथे तोंडी नाही, लेखी विचारून घ्या. २०१८ च्या सूचनांप्रमाणे तपासणीत आधी बुद्ध्यंक बघायचे, ८५ च्या वर असेल तरच पुढच्या वाचन-लेखन चाचण्या. इथे माझी कायमची तक्रार आहे. ७० ते ८५ च्या मधली जी पोरं असतात, ती ना मतिमंद ठरत, ना अध्ययन अक्षम. प्रत्येक वर्गात अशी दोनतीन असतात आणि त्यांच्यासाठी कुठलाच कागद नाही. असो, तो वेगळा विषय.

आता सोप्या पेपरचं. काढू नका, हे माझं स्पष्ट मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी उद्दिष्टच वेगळं ठेवावं लागतं, तिथे ठीक. तुमच्या पोराला इतिहास येतो. त्याला सोपा पेपर देणं म्हणजे पाय मोडलेल्याला गणित सोपं करून देणं. प्रश्न तेच ठेवा, वाट बदला. प्रश्न वाचून दाखवा, वेळ जास्त द्या, अक्षरं मोठी छापा, एका पानावर कमी प्रश्न ठेवा, 'जोड्या लावा'चा प्रश्न एकाच पानावर येऊ द्या. आणि इतिहासाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नका. मी मराठीची शिक्षिका असून सांगते.

आपल्या लिपीचा त्रास आपल्यालाच दिसत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारतो नंतर, लिहितो आधी. रफार उच्चारतो आधी, चढवतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'क्रिया' आणि 'कार्य' यांत र कुठे कसा बसतो ते एकदा त्या पोराच्या नजरेनं बघा. तो 'किर्या' लिहितो तेव्हा त्यानं ऐकलेलं असतं बरोबरच. घ-ध, भ-म हे तर नेहमीचं.

वर्गातल्या चाचणीला यातलं काहीही करायला प्रमाणपत्र लागत नाही, असं माझं मत. तोंडी काम हे आकारिकचं तंत्रच आहे. मुख्याध्यापक अडले तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम १७ दाखवा. परीक्षापद्धतीत योग्य बदल, जादा वेळ, लेखनिक हे तिथे स्पष्ट लिहिलंय. हा कायदा शाळेत दाखवायची वेळ यावी हेच वाईट, पण येते. '४० टक्के दिव्यांगत्व असेल तरच लेखनिक' असंही कुणी ऐकवेल. २०२१ मध्ये लिहिताना हात आखडण्याचा त्रास (रायटर्स क्रॅम्प) असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही अट लेखनिकासाठी सरसकट लावता येणार नाही असं म्हटलंय. प्रत्यक्षात खिडकीवर ते कितपत ऐकतील ते सांगता येत नाही.

पण सगळंच तोंडी घेऊ नका. माझी ही दुसरी चूक. व्हरांड्यात सगळं बोलून व्हायचं, त्यामुळे चार वर्षांत त्याचा हात लिहायचा थांबलाच. रोज तीन ओळी, त्याच्याच बोलण्यातल्या, एवढं तरी लिहून घ्यायला हवं होतं.

लेखनिक दहावीला मिळाला तरी सराव नववीपासून करून घ्या. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे बहुधा नववीतलाच कुणीतरी, आणि तो ऐनवेळी ठरवला की तोही घाबरलेला असतो. सांगून लिहवणं ही वेगळीच कला आहे. 'कंस सुरू, कंस पूर्ण, छेदात' हे गणितात बोलावं लागतं. आमचा तो भूमितीची आकृती बोटानं हवेत काढायचा आणि लेखनिक बिचारा बघत बसायचा. तासाला २० मिनिटं जादा म्हणजे ३ तासांच्या पेपराला पूर्ण ४ तास. चार तास एका जागी बसायचीही सवय लागते, डबा-पाण्याचं बघा.

तालुक्याच्या गट साधन केंद्रातून (शाळांना मदत करणारं शिक्षण खात्याचं केंद्र) विशेष शिक्षक येत असतील तर त्यांना चहा पाजून परत पाठवू नका, वर्गात बसवा. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेली माणसं ही, एकेकाकडे कितीतरी शाळा. आमच्याकडे यायच्या त्या ताईंनी पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "मॅडम, याचं काही लिहून ठेवलंय का?" मी म्हटलं होतं, सगळं माझ्या लक्षात आहे.

आणि कार्यालयात जाल तेव्हा प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आम्ही खुलासा पहिल्यांदा दिला तेव्हा पोच घेतली नव्हती.