घरातल्या पडीक सामानातून इस्त्रीचा बोर्ड कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की भाड्याच्या खोलीत पलंगावर चादर टाकून इस्त्री करता, कॉलर काही केल्या सरळ बसत नाही, आणि घरात मोडक्या कपाटाच्या फळ्या, टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, सोफ्याचा जुना स्पंज आणि चादरींचा ढीग पडून आहे. यातून बोर्ड होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. नक्की होईल. फळी आणि चादरी घ्या. थर्माकोल आणि स्पंजाला मात्र हात लावू नका.

मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे दिवसातून दहा वेळा इस्त्री हातात असते. माझा पहिला बोर्ड मी स्पंजाचाच केला होता. वरून पलंगपोस ताणलं, दिसायला सुरेख झाला. आठवड्याभरात एका गिऱ्हाइकाच्या सुती ब्लाउजची शिवण दाबताना पलंगपोस वितळून इस्त्रीच्या तळाला चिकटलं आणि तो तपकिरी चिकटा ब्लाउजच्या पाठीवर उमटला. कापड तिच्या आईच्या साडीतलं होतं, भरून देता येण्यासारखं नव्हतंच. तेव्हापासून कोणी बोर्डाबद्दल विचारलं की मी लाकडाच्या आधी कापडाबद्दल बोलते.

इस्त्रीच्या चकतीवर किंवा कपड्याच्या लेबलवर ठिपके असतात ना, त्यातला एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश सेल्सिअस, दोन म्हणजे 150 आणि तीन म्हणजे 200. सुती शर्टाला आपण तीन ठिपके लावतो. थर्माकोल 100 अंशांच्या आसपासच मऊ पडतं. स्पंजाचा त्रास दुहेरी. तो उष्णतेने खराब होतो, आणि दाब गिळून टाकतो. सुरकुती जाते ती उष्णता, ओल आणि दाब या तिघांनी मिळून. खालचा थर दबतच राहिला तर तुम्ही कितीही जोर लावा, कॉलर वाकडीच राहणार. पलंगावर तुमचं नेमकं हेच होतंय.

म्हणून प्रत्येक चादरीची आधी परीक्षा घ्या. कडेचे दोन धागे काढा, एक उभा आणि एक आडवा, कारण पुष्कळ कापडांत ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टरचा असतो. चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचाच येतो, आणि मागे मऊ राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ती आपणहून विझते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. मणी दिसला की ती चादर बाजूला. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही दिसतात, तेही नको.

अस्सल सुताची जुनी सोलापुरी चादर असेल तर तिच्यासारखं अस्तर नाही. जाड, घट्ट विणीची, वर्षानुवर्षं धुऊन मुरलेली. घोंगडीही उत्तम, कारण लोकर वितळत नाही आणि वाफेची ओल पोटात घेते. ती टोचरी असते म्हणून तिच्यावर सुती थर हवाच. गोधडी बहुतेकांना सुचते, आणि टाके घातलेले असल्यामुळे तिचे थर सरकत नाहीत हे खरं. पण तिच्या आत कुणाकुणाच्या नायलॉनच्या साड्या दडलेल्या असतात. एक कोपरा उसवून आतले थर तपासल्याशिवाय ती वापरू नका. आणि गादीतला सुटा कापूस भरू नका, चार दिवसांत गोळे होतात.

आता फळी. तिची कड बघा. कडेला एकावर एक पातळ थर दिसले तर प्लायवूड, भुसा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्ड ओलीने फुगतो आणि त्यात खिळाही नीट धरत नाही. त्यामुळे प्लाय किंवा साधं लाकूड निवडा. लांबी साडेतीन ते चार फूट, रुंदी 15-16 इंच पुरे. साड्याच जास्त करत असाल तर दोन फूट रुंद ठेवा. एका बाजूला सनमाइका असेल तर ती बाजू खाली करा. तिच्यावर अस्तर सरकतं आणि ओल मुरायला जागा राहत नाही. करवत चालवता येत असेल तर एक टोक सहा-सात इंचांपर्यंत निमुळतं कापा, शर्टाचा खांदा त्यावर चढतो. नसेल येत तर राहू द्या. कोपरे मात्र पॉलिशपेपरने गोल कराच, नाहीतर अस्तर तिथेच आधी फाटतं.

चादर धुऊन, वाळवून, घड्या घालून फळीवर पसरा. हाताने दाबल्यावर जाडी सेंटीमीटरभर राहील इतके थर पुरतात. चारही बाजूंनी तीन-तीन बोटं कापड खाली वळवा. फळी 18 मिलिमीटरची असेल तर अर्ध्या इंची चुका, म्हणजे बारीक खिळे, चालतात. आधी दोन्ही लांब बाजूंच्या मधोमध एकेक, मग समोरासमोर ताणत टोकांकडे, दर दोन इंचांवर, कोपरे सगळ्यांत शेवटी. एका टोकाकडून सुरुवात केलीत तर दुसऱ्या टोकाला कापड तिरकं येतं. 12 मिलिमीटरच्या प्लायमधून मात्र चुका आरपार वर येऊ शकतात. मग खिळे विसरा. दाभणात सुतळी ओवा आणि खालच्या बाजूने या काठापासून त्या काठापर्यंत, बाज विणतात तशी उलटसुलट ताणत जा. माझ्या आताच्या बोर्डाला अशीच सुतळी आहे, सैल पडली की पुन्हा ओढून घेते. फेविकॉलने अस्तर चिकटवू नका. सुकल्यावर जागोजागी कडक होतं आणि बदलायचं म्हटलं की सगळं फाडून काढावं लागतं.

वरचं आवरण वेगळं आणि काढता येणारं हवं. यासाठी मांजरपाट घ्या, कोरा असेल तर आधी धुऊन आटवून घ्या. फळीपेक्षा चारही बाजूंनी पाच इंच जास्त कापा, कडेला फिरता नेफा शिवा, त्यात परकराची नाडी घाला आणि फळीखाली ओढून गाठ मारा. रंगीत जुनी साडी घेण्याचा मोह होईल, पण ओल लागली की तिचा रंग पांढऱ्या शर्टावर उतरू शकतो. खळीचे कपडे करत असाल तर हे आवरण दर पंधरा दिवसांनी धुवा. खळीचे कण त्यावर साचतात, जळून पिवळे होतात आणि पुढच्या कपड्याला लागतात.

टेबलावर बोर्ड सरकू नये म्हणून खालच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या मारा. निमुळतं टोक फूटभर टेबलाबाहेर काढलंत तर शर्ट त्यात ओवता येतो, फक्त बाहेर आलेल्या भागावर इस्त्री उभी करून ठेवू नका, बोर्ड कलंडेल. इस्त्री ठेवायला शेजारी टाइलचा नाहीतर कडप्प्याचा तुकडा ठेवा.

बाह्यांसाठी दोन-तीन जुनी मासिकं घट्ट गुंडाळा, वर सुती टॉवेलचे दोन वेढे द्या आणि शिवून टाका. हा रोल बाहीत सरकवला की मधली घडी न पडता बाही होते. मला तो बोर्डाइतकाच लागतो.

भाड्याची खोली आहे म्हणून विजेचंही सांगते. साधी 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत असते, ती 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालते. वाफेची 2000 वॅटची इस्त्री मात्र पावणेनऊच्या घरात जाते. तिला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं, साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. दोन्हींना तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग पाहिजेच.

बोर्ड तयार झाला की लगेच चांगला शर्ट घेऊ नका. आधी मोकळ्या बोर्डावर पाणी शिंपडून तीन ठिपक्यांवर पाच मिनिटं इस्त्री फिरवा. अस्तर दबून बसेल. आणि प्लास्टिकसारखा वास आला तर एखादा थर काडीच्या परीक्षेतून सुटलाय, तो उकलून काढा.