खरेदीच्या टेबलावरून : दरवाढीचं पत्र आलंय

प्रश्न : आमच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं नऊ वर्षं एकाच पुरवठादाराकडून येतात. गेल्या आठवड्यात त्याचं दोन ओळींचं पत्र आलं : कच्चा माल महागला आहे, पुढच्या महिन्यापासून दर १४ टक्के वाढवून द्या, नाहीतर पुरवठा जमणार नाही. साचा त्याच्याकडेच आहे. लेखी करार नाही, दर वेळी पर्चेस ऑर्डर निघते. साहेब म्हणतात, ‘५ टक्क्यांवर आण, नाहीतर दुसरा बघ.’ काय करू?

उत्तर : साहेबांनी ५ हा आकडा कुठून आणला, ते विचारून बघा. मी माझ्या साहेबांना एकदा विचारलं होतं. त्या दिवशी चहा एकटीनेच प्यावा लागला. १४ आणि ५ मध्ये घासाघीस करून तुम्ही साडेनऊवर याल, दोघेही खूश व्हाल, आणि झाकणाला खरा दर किती पडायला हवा हे दोघांनाही ठाऊक नसेल.

तेव्हा उत्तर पाठवण्याआधी त्याच्याकडे दराची फोड मागा. समजा, आजचा दर १०० धरला आणि त्यात प्लास्टिकचे दाणे ५२, मशीन आणि मजुरी ३०, पॅकिंग आणि वाहतूक ८, वरखर्च आणि नफा १० अशी फोड निघाली. दाण्यांचा भाव १५ टक्क्यांनी चढला असेल तर झाकणाचा दर वाढायला हवा ७.८ने. उरलेले ६ कशाचे? वीज, पगार, काहीही असेल आणि खरंही असेल. पण मग पत्रात नुसतं ‘कच्चा माल’ लिहून भागणार नाही. बोलणी या सहांवर करा, चौदांवर नको.

फोड द्यायला तो कां कूं करेल. अशा वेळी सरळ त्याच्या कारखान्यात जावं. एका पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये सायकल टाइम, म्हणजे मशीनच्या एका फेरीला लागणारा वेळ, ४२ सेकंद लिहिला होता. मी मोल्डिंग मशीनपाशी मनगटी घड्याळ लावून उभी राहिले आणि २० शॉट, म्हणजे फेऱ्या, मोजले. सरासरी आली ३१. शिवाय ऑपरेटर प्रत्येक शॉटनंतर रनर, म्हणजे मालाला चिकटून येणारी प्लास्टिकची जादा काडी, तोडून शेजारच्या ग्राइंडरमध्ये टाकत होता आणि तो चुरा पुन्हा मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे दाणे ओतायच्या नरसाळ्यात, जात होता. कोटेशनमध्ये मात्र तेच रनर ‘वाया’ म्हणून आमच्या माथी मारलेले! मी तिथे काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आकडे लिहिलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘मॅडम, तो ४२ साचा नवा होता तेव्हाचा आहे.’ आम्ही बचत निम्मी-निम्मी वाटून घेतली. सगळी काढून घेता आली असती, पण तो मोह मी मुद्दाम टाळला. त्याआधी एका कोरुगेटेड खोकेवाल्याला मी अगदी पिळून काढलं होतं. त्याने दर मान्य केला आणि सहा महिन्यांनी गोदामात खालच्या थरातली खोकी चेपायला लागली. कागदाचं वजन त्याने गुपचूप कमी केलं होतं.

साच्याचे पैसे कुणी भरले होते? जुनं बिल शोधा. तुम्ही भरले असतील तर साचा तुमचा; तसं त्याच्याकडून लिहून घ्या आणि साच्यावर तुमचं नाव कोरून घ्या. त्याने भरले असतील तर ‘दुसरा बघ’ म्हणजे नवा साचा, नमुने, चाचण्या, मंजुरी. त्यात महिने जातात. साहेबांना हे आज सांगा, पुरवठा थांबल्यावर नको. साचा तुमचा असला तरी दुसऱ्याच्या मशीनवर बसवून नमुने पास होईपर्यंत काही आठवडे लागतातच. तेवढ्या दिवसांचा माल हाताशी असल्याशिवाय आवाज चढवू नका.

दर उतरवायचा आणखी एक मार्ग आहे, तो फार कमी लोक वापरतात. तुम्ही पैसे ९० दिवसांनी देता का? ते ३० दिवसांत द्यायला तयार व्हा. त्याचं कर्ज वर्षाला १२ टक्क्यांचं असेल तर ६० दिवसांचं व्याज जवळपास २ टक्के होतं. ते सहांतून वजा करायला सांगा. मात्र आधी अकाउंट्सला विचारून घ्या. कबूल करून पैसे वेळेवर दिले नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

आणि आता करार कराच. दाण्यांचा कुठला जाहीर भाव धरायचा, आधारमहिना कुठला, आढावा दर तीन महिन्यांनी, ५ टक्क्यांच्या आतल्या चढउताराला दर हलणार नाही, हललाच तर फक्त दाण्यांच्या हिश्शापुरता. भाव उतरला की दरही उतरेल, हे वाक्य स्वतंत्र लिहा. ते आपोआप गृहीत धरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

प्रश्न : व्यवस्थापनाला एकच पुरवठादार ठेवून जास्त सवलत घ्यायची आहे. मला भीती वाटते. माझं चुकतंय का?

उत्तर : नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन सेकी कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि साठा अगदी जेमतेम. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. मग इतर पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि आठवड्याभरात गाडी बरीचशी रुळावर आली. तुमच्यासाठी इतके लोक धावून येतील का, हे व्यवस्थापनाला विचारा. मी असते तर दोन पुरवठादारांत ७०-३० वाटणी केली असती. फक्त ३० वाल्याला दर महिन्याला खरी ऑर्डर द्या, आणि दोघेही एकाच ठिकाणाहून कच्चा माल घेत नाहीत ना, तेही बघा.

प्रश्न : देखभालीचा करार आपोआप वर्षभर वाढला. नोटिशीची ६० दिवसांची मुदत हुकली. आता?

उत्तर : आजच लेखी कळवा की पुढची मुदतवाढ नको, पोच घ्या. मग सेवेच्या नोंदी काढा, कंत्राटदाराच्या उशिरा झालेल्या भेटी मोजा आणि त्या आधारावर यंदाच्याच दरावर बोला. कायद्याने बांधील नसला तरी पुढचं वर्ष हवं असेल तर तो बोलायला बसेल.